चार-स्ट्रोक पर्वतीय स्नोमोबाइलमधील वजनकपात

चार-स्ट्रोक पर्वतीय स्नोमोबाइलमधील वजनकपात म्हणजे खोल व भुसभुशीत हिमात, तीव्र चढावर चालवण्यासाठी बनवलेल्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या स्नोमोबाइलचे वजन रचना, सामग्री व सुटे भाग यांत बदल करून घटवण्याची प्रक्रिया होय. स्नोमोबाइल हे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेले, हिमावर चालणारे वाहन आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या तुलनेत चार-स्ट्रोक इंजिन स्वच्छ, शांत व इंधनाची बचत करणारे असले, तरी ते जड असते. सपाट व दाबलेल्या वाटांवर हा दोष फारसा जाणवत नाही. डोंगरातील मोकळ्या हिमात मात्र तो निर्णायक ठरतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइलचा प्रसार झाला, तेव्हापासून हलकेपणा व साधी रचना यांमुळे दोन-स्ट्रोक इंजिनच प्रामुख्याने वापरले जात होते. या इंजिनात वंगणतेल इंधनासोबत जळते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. त्यामुळे धूर, वास व आवाज यांविषयी तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये स्नोमोबाइलसाठी उत्सर्जनाची मानके जाहीर केली व ती २००६ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही कमी प्रदूषण व कमी आवाज करणाऱ्या यंत्रांनाच प्रवेश देण्याचे धोरण आले. या परिस्थितीत उत्पादक चार-स्ट्रोक इंजिनाकडे वळले.

यामाहा कंपनीची आरएक्स-१ ही २००३ च्या मॉडेल वर्षातील स्नोमोबाइल या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. तिचे ९९८ घन सेंमी क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन याच कंपनीच्या आर-१ या मोटरसायकलच्या इंजिनावर आधारित होते. पुढे २००७ मध्ये ४९९ घन सेंमीच्या दोन सिलिंडरांची फेझर आणि २००८ मध्ये १०४९ घन सेंमीच्या तीन सिलिंडरांची एफएक्स नायट्रो ही मॉडेले आली. फेझरचे इंजिन लहान व त्यामुळे हलके होते, पण त्याची शक्ती मर्यादित होती. नायट्रोमध्ये शक्ती होती, पण वजनही होते. चार-स्ट्रोक पर्वतीय यंत्राच्या रचनेतील मूळ पेच या दोन मॉडेलांत स्पष्ट दिसतो.

वजनाचे परिणाम

भुसभुशीत हिमात स्नोमोबाइल तरंगल्यासारखी चालते. ती किती खोल रुतेल हे पट्ट्याखालील दाबावर अवलंबून असते. समजा, यंत्र २०० किलोग्रॅम आणि चालक व त्याचे सामान १०० किलोग्रॅम आहे. यंत्राचे वजन ६० किलोग्रॅमने वाढले आणि हिमाला टेकणारे क्षेत्रफळ तेवढेच राहिले, तर दाब एक पंचमांशाने वाढतो. यंत्र अधिक खोल जाते, पट्टा चर खणू लागतो आणि पुढे जाण्याऐवजी शक्ती हिम उपसण्यात खर्च होते.

वजन किती आहे याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. इंजिन पुढच्या भागात असल्याने त्याचे जास्तीचे वजन स्कींवर येते व यंत्राचे नाक हिमात घुसते. डोंगराच्या कडेने आडवे जाताना चालक एका बाजूच्या पायपट्टीवर उभा राहून यंत्र कलते ठेवतो. हा तोल तो केवळ स्वतःच्या शरीराच्या भाराने सांभाळत असल्याने उंच गुरुत्वमध्याचे जड यंत्र त्याला लवकर थकवते.

उंचीमुळे ही अडचण वाढते. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते; वजन मात्र तेवढेच राहते.

जास्तीचे वजन कोठून येते

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच शक्तिनिर्मिती होते, तर दोन-स्ट्रोक इंजिनात ती प्रत्येक फेरीत होते. म्हणून तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी चार-स्ट्रोक इंजिन अधिक मोठे असावे लागते. शिवाय झडपा, कॅमशाफ्ट, त्यांना फिरवणारी साखळी, तेलपंप आणि काही इंजिनांत तेलाची स्वतंत्र टाकी यांची भर पडते.

काही वजन इंजिनाबाहेरचेही असते. मोठे चार-स्ट्रोक इंजिन दोरी ओढून सुरू करणे कठीण असल्याने विजेचा स्टार्टर व मोठी बॅटरी आवश्यक ठरते. दोन-स्ट्रोक इंजिन प्रज्वलनाची वेळ बदलून उलट दिशेने फिरवता येते, त्यामुळे त्याला मागे जाण्यासाठी वेगळा गिअर लागत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात झडपांचा क्रम ठरलेला असल्याने हे शक्य होत नाही व यांत्रिक रिव्हर्स गिअर बसवावा लागतो.

वजन कमी करण्याचे उपाय

निकास व्यवस्था : मूळ पोलादी नळ्या व सायलेन्सर यांच्या जागी टायटॅनियमचे भाग वापरले जातात. पोलादाची घनता प्रति घन सेंमी सुमारे ७.८ ग्रॅम, तर टायटॅनियमची ४.५ ग्रॅम असते. हा धातू उष्णताही चांगली सहन करतो.

बॅटरी : लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे वजन शिसे-आम्ल बॅटरीच्या सुमारे एक तृतीयांश असते. फारशा किमतीशिवाय काही किलोग्रॅम वाचवणारा हा सोपा बदल आहे. मात्र कडाक्याच्या थंडीत ही बॅटरी सुरुवातीला कमी प्रवाह देते व सुरू करण्यापूर्वी तिला थोडे गरम होऊ द्यावे लागते.

फिरणारे भाग : पट्ट्याचा खालचा भाग जमिनीच्या संदर्भात स्थिर असतो, तर वरचा भाग यंत्राच्या दुप्पट वेगाने पुढे सरकतो. त्यामुळे पट्ट्याच्या एका किलोग्रॅमला वेग देण्यासाठी सांगाड्याच्या एका किलोग्रॅमच्या दुप्पट ऊर्जा लागते. पट्टा हिमात घसरत असताना हा फरक आणखी वाढतो. म्हणून पट्टा, त्याचा चालक दंड, क्लच व ब्रेकची तबकडी यांतील कपात अधिक परिणामकारक ठरते. पोलारिस कंपनीने २०१३ च्या पर्वतीय दोन-स्ट्रोक मॉडेलांत तेलात चालणाऱ्या साखळीऐवजी दातेरी पट्ट्याचा वापर केला, त्यामागे हेच तत्त्व होते.

सांगाडा व सस्पेन्शन : पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या दाबावर चालणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवणे, पायपट्ट्यांना मोठी छिद्रे ठेवणे, हलके आसन वापरणे आणि वरच्या चौकटीत कार्बन तंतूंचे भाग वापरणे हे प्रचलित उपाय आहेत. पायपट्ट्यांवरील छिद्रांमुळे साचलेले हिम खाली पडते व अनावश्यक भार जमत नाही.

इंधन : ४० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलोग्रॅम असते. चार-स्ट्रोक इंजिन कमी इंधन वापरत असल्याने तेवढ्याच अंतरासाठी कमी पेट्रोल नेता येते. यंत्रांची तुलना बहुधा इंधन व द्रव पदार्थ वगळून मोजलेल्या कोरड्या वजनावर होते. त्यात हा लाभ दिसत नाही.

मर्यादा व सुरक्षितता

प्रत्येक भाग हलका करणे हितावह नसते. शीतक थंड करणारे उष्णताविनिमयक काढल्यास कठीण हिमावर इंजिन तापते. सायलेन्सर काढून टाकल्यास थोडे वजन वाचते, पण आवाज वाढतो, नियमांचा भंग होतो आणि ज्या शांततेसाठी चार-स्ट्रोक इंजिन स्वीकारले गेले तीच नाहीशी होते. सस्पेन्शनचे भाग प्रमाणाबाहेर बारीक केल्यास ते उडी किंवा खडकाच्या आघाताने मोडू शकतात. वस्तीपासून दूर, हिवाळ्याच्या संध्याकाळी बंद पडलेले यंत्र चालकाच्या जिवावर बेतू शकते.

वजनकपातीमागेही सुरक्षिततेचे कारण आहेच. हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर रुतलेले यंत्र बाहेर काढण्यात जाणारा वेळ हा धोक्यात घालवलेला वेळ असतो, आणि हलके यंत्र लवकर निघते. मात्र हिमस्खलनात सापडलेल्याचा शोध घेणारे ट्रान्सीव्हर, शोधकाठी व फावडे ही चालकाने सोबत बाळगण्याची साधने वजनाच्या हिशेबात वगळली जात नाहीत.

सद्यस्थिती

कपातीने वजन न घटवता शक्ती वाढवण्याचा मार्गही अवलंबला गेला. २०१७ च्या यामाहा साइडवाइंडरमध्ये ९९८ घन सेंमीचे तीन सिलिंडरांचे टर्बोचार्जरयुक्त चार-स्ट्रोक इंजिन होते. टर्बोचार्जर हवा दाबून आत पाठवत असल्याने उंचीवरील शक्तीची घट भरून निघते. यंत्र मात्र जडच राहते. दुसरीकडे, थेट इंधन अंतःक्षेपणामुळे दोन-स्ट्रोक इंजिने पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली. स्की-डूने २०२० च्या समिट मॉडेलमध्ये टर्बोचार्जरयुक्त दोन-स्ट्रोक इंजिन दिल्यावर उंचीवरील शक्तीचा चार-स्ट्रोकचा लाभही उरला नाही. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइल व्यवसायातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे पर्वतीय प्रकारात दोन-स्ट्रोक यंत्रांचे वर्चस्व आहे. चार-स्ट्रोक यंत्रांना मुख्यतः वाटांवरील प्रवास, पर्यटन व कामाची वाहतूक यांत पसंती मिळते, कारण तेथे वजनापेक्षा टिकाऊपणा व इंधनबचत अधिक उपयोगी ठरते.