नाव नसलेल्या विद्येची शाळा : डॉ. अशोक कोळसकर यांचे कार्य

मुळशी तालुक्यातील माण या गावी, जेथे एके काळी भाताच्या खाचरांची आणि बांधांच्या तंट्यांची नोंद पौडच्या कचेरीत होत असे, तेथे आज राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत; आणि शेजारच्याच हिंजवडीत औद्योगिक महामंडळाने जैवतंत्रज्ञानासाठीही स्वतंत्र जागा राखून ठेवलेली आहे. संगणक आणि सजीवसृष्टी यांचा हा शेजार आजच्या तरुणास स्वाभाविक वाटत असेल, परंतु या दोन विद्यांची सोयरीक पुण्यात प्रथम जमली ती माणपासून फार दूर नसलेल्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात. आणि ती जमविण्यासाठी ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली त्यांत डॉ. अशोक कोळसकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कोळसकरांची बौद्धिक घडण झाली ती संरचनात्मक जीवभौतिकीत, आणि तीही गो. ना. रामचंद्रन यांच्या सहवासात. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह एक नकाशा प्रसिद्ध केला होता. मोजणीदाराने गावाच्या शिवाराचा नकाशा काढून वहिवाटीखाली येण्याजोगी जमीन कोणती आणि कायमची पड कोणती हे दाखवून द्यावे, तद्वत प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक दुव्याला कोणत्या दोन कोनांतून वळण्याची मुभा आहे आणि कोठे अणूच अणूच्या आड येतो, हे त्या नकाशाने दाखविले; आणि नवलाची गोष्ट अशी की, त्यात पड जमीनच फार मोठी निघाली. 1971 मध्ये रामचंद्रन मद्रासहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले व तेथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. पॉलिंग आणि कोरी यांनी गृहीत धरल्याप्रमाणे साखळीतील पेप्टाइडचा घटक सपाट असतो, हा त्या नकाशाचा पाया. परंतु तो सर्वस्वी सपाट नसेल तर काय होते, हा सूक्ष्म प्रश्न ज्या 1973 च्या निबंधात हाताळला गेला त्यावर रामचंद्रन, लक्ष्मीनारायणन आणि कोळसकर अशी तीन नावे आहेत. गुरूच्या सिद्धांताचे गृहीतकच तपासावयास घ्यावे आणि त्या तपासणीत खुद्द गुरूनेही सहभागी व्हावे, या प्रसंगाला मी त्यांच्या शिक्षणातील सर्वांत मोलाचा धडा मानतो.

पुढे हैदराबादेत असताना त्यांनी गोलाकार प्रथिनांची साखळी कोठे उलट वळण घेते याचा अभ्यास केला. तो तपशील तज्ज्ञांसाठी सोडून आपण 1987 कडे वळू. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला होता, आणि त्यातील एक केंद्र पुणे विद्यापीठाच्या वाट्यास आले. त्याची धुरा कोळसकरांकडे आली. मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा जागतिक प्रकल्प सुरू होण्यास अद्याप तीन वर्षे अवकाश होता. सर्वसामान्य भारतीयास इंटरनेट मिळण्यास आठ. प्रथिनांच्या अक्षरक्रमांचे संग्रह चुंबकीय फितींवरून देशोदेशी जात. आणि जीवशास्त्राच्या बहुतेक प्राध्यापकांना संगणक ही हिशेबनिसांची वस्तू वाटे. अशा काळात, ज्या विद्येचे नावही लोकांच्या जिभेवर रुळलेले नव्हते, तिची पदव्युत्तर पदविका सुरू करून वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलाला आज्ञावली लिहावयास लावणे आणि भौतिकी शिकलेल्या मुलीला पेशीची भाषा शिकविणे, हे काम निबंध लिहिण्याहून कठीण होते, असे माझे स्पष्ट मत आहे. निबंधाला परीक्षक मिळतो. नव्या अभ्यासक्रमाला प्रथम मिळतात त्या हरकती.

तथापि निबंधही थांबले नव्हते. 1990 मध्ये कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांनी अवघ्या तीन पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध केला. विषाणूच्या प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा आपल्या शरीरातील प्रतिपिंडे ओळखतील, हा लसशास्त्रातील कळीचा प्रश्न. आणि तो प्रयोगाने सोडवावयाचा तर एकेक तुकडा घडवून पारखावा लागतो. या दोघांनी अशा तुकड्यांची, म्हणजे प्रयोगांती सिद्ध झालेल्या प्रतिजनस्थानांची, छाननी केली, तेव्हा सिस्टीन, ल्यूसीन आणि व्हॅलीन ही पाण्यापासून दूर राहू पाहणारी अमिनो आम्ले जर प्रथिनाच्या पृष्ठभागावर आलेली असतील, तर ती प्रतिजनस्थानाचा भाग असण्याचा संभव अधिक, असे त्यांना आढळून आले. या निरीक्षणावरून त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लाला एक अंक ठरवून दिला. सात-सात अक्षरांची चौकट साखळीवरून सरकवीत न्यावी, प्रत्येक चौकटीची सरासरी काढावी, आणि जेथे ती उंचावेल तेथे बोट ठेवावे, इतकी ही रीत सरळ होती. आणि सुमारे 75 टक्के वेळा तिचा अंदाज बरोबर येतो, असे त्यांनी नमूद केले. वहीपेन्सिलीनेही करता येईल असा हा हिशेब आहे, आणि ज्या देशात प्रयोगशाळेतील द्रव्यांची खरेदी हाच एक खटला असे, त्या देशात हे साधेपण म्हणजे मोठे औदार्य होते.

अक्षरक्रमावरून आकाराकडे जाण्याची त्यांची जुनी ओढ मात्र तशीच राहिली. जपानी मेंदूज्वराचा विषाणू हा आपल्या देशातील बालकांचा जुना वैरी. त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिनाची स्फटिकरचना तेव्हा हाती नव्हती. परंतु त्याच्याच गोतावळ्यातील, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूची रचना 1995 मध्ये क्ष-किरणांनी उलगडली होती. तिचा साचा घेऊन कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी संगणकावर जपानी मेंदूज्वराच्या प्रथिनाची त्रिमित आकृती उभी केली आणि साखळीत परस्परांपासून दूर असूनही घडीमुळे शेजारी येणारी प्रतिजनस्थाने तिच्यावर दाखविली. 1999 चा तो निबंध मला त्यांच्या साऱ्या लेखनात सर्वांत प्रिय आहे, कारण रामचंद्रन यांच्या कोनांचा धडा आणि लसशास्त्राची निकड त्यात एकत्र आलेली दिसते. विषाणूंविषयीच्या माहितीची संगणकीय दफ्तरे सिद्ध करण्याचे कामही याच केंद्रात दीर्घकाळ चालले.

2001 ते 2006 या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुणे, अहमदनगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा कारभार, परीक्षांची वेळापत्रके, संलग्नतेचे अर्ज आणि अधिसभेतील वादविवाद यांत संशोधकाचा दिवस कसा सरतो, हे निराळे सांगावयास नको. पुढे राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे सल्लागार म्हणून आणि भुवनेश्वरच्या कलिंग औद्योगिक तंत्रज्ञान संस्थेचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. परंतु पदांची ही नामावळी कितीही लांबविली तरी, गणेशखिंडीतील त्या केंद्रातून पदविका घेऊन बाहेर पडलेली मुले-मुली, ज्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे स्वतः हीच विद्या शिकविली, त्यांची नामावळी मला अधिक वजनदार वाटते.

आणि तो तीन पृष्ठांचा लेख? प्रतिजनस्थाने शोधण्यासाठी अमेरिकेत जो सार्वजनिक संग्रह ठेवलेला आहे, त्यातील उपलब्ध रीतींच्या यादीत कोळसकर आणि टोणगावकर ही दोन मराठी आडनावे जोडीने लिहिलेली आहेत. आणि 2020 साली करोनाच्या विषाणूचा अक्षरक्रम हाती येताच, ज्यांनी पुणे कधी पाहिलेही नव्हते अशा देशोदेशीच्या संशोधकांनी त्याच्या काटेरी प्रथिनावरून तीच सात अक्षरांची चौकट सरकवीत नेली.