खाल्लेलं अंगी का लागत नाही?

तीन-चार महिने जुलाब थांबत नाहीत. शौचाला फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त होतं आणि पाण्यावर तरंगतं. वजन उतरतं, चालताना दम लागतो आणि तोंड आलेलं असतं. जीभ लालबुंद, गुळगुळीत होते आणि आमटीचा घोटही झोंबतो. अशा दुखण्याला आपल्याकडे संग्रहणी म्हणतात. चरकसंहितेत ग्रहणी रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. आधुनिक वैद्यक या लक्षणांमागचे अनेक आजार वेगवेगळे ओळखतं, त्यांतला एक म्हणजे ट्रॉपिकल स्प्रू. त्यातला 'स्प्रू' हा शब्द डच भाषेतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ तोंड येणं असाच. आजार आतड्याचा, पण नाव पडलं तोंडावरून.

विल्यम हिलरी या डॉक्टरनं बार्बाडोसमधल्या अशा रोग्यांचं वर्णन 1759 मध्ये छापलं. तेव्हापासून कारणाचा शोध चालू आहे.

लहान आतड्याच्या अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहावा. निरोगी अस्तर मखमलीसारखं दिसतं, कारण त्यावर बोटांसारखे असंख्य रसांकुर उभे असतात. अन्नरस शोषला जातो तो यांच्यातूनच. स्प्रूच्या रोग्यात हे रसांकुर आखूड आणि पानासारखे रुंद होतात, काही ठिकाणी एकमेकांना चिकटून शेतातल्या वरंब्यांसारखे दिसतात. शोषणाची जागाच आटते. स्निग्ध पदार्थ, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 शरीरात न जाता वाया जातात.

हे घडवतं कोण? पहिला संशय जंतूंवर. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोरच्या आसपासच्या गावांत हा आजार साथीसारखा पसरला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी या साथींचा बारकाईनं अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात भारत-ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनाही स्प्रूनं गाठलं होतं. पुष्कळ रोग्यांना आधी साधे, तीव्र जुलाब होतात आणि मग ते थांबतच नाहीत. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकानं गुण येतो, हा आणखी एक पुरावा. पण प्रत्येक रोग्यात सापडेल असा एकच जंतू हाती लागलेला नाही. कुठे क्लेबसिएला, कुठे ई-कोलाय, कुठे एंटेरोबॅक्टर. माझ्या मते एकच गुन्हेगार शोधण्याच्या हट्टानं बराच काळ दिशाभूल केली.

आतड्याच्या वरच्या भागात एरवी जंतू फार थोडे असतात. जठरातलं आम्ल त्यांना मारतं आणि आतड्याची हालचाल उरलेल्यांना पुढे ढकलते. संसर्गानं अस्तर दुखावलं की न शोषलेली चरबी आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचते. तिथून हालचाल मंद करणारी हार्मोन्स सुटतात. जुलाब होणाऱ्या माणसाचं आतडं संथ असावं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या आजाराचं मर्म तिथंच असावं असं मानणारा एक विचार आहे. संथ झालेल्या आतड्यात जंतू बस्तान बसवतात आणि अस्तराला पुन्हा इजा करतात.

दुसरा धागा मुंबईत सापडतो. लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर 1928 मध्ये इथं आली ती गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधला गंभीर रक्तक्षय अभ्यासायला. यीस्टचा अर्क दिला की तो बरा होतो, हे तिनं 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेलेला पदार्थ. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं आणि नव्या पेशी घडायला हेच जीवनसत्त्व लागतं. ते शोषलं जात नाही म्हणून अस्तर भरून येत नाही, आणि अस्तर भरून येत नाही म्हणून ते शोषलं जात नाही. मूळ संसर्ग केव्हाच ओसरला तरी हे चक्र फिरत राहतं.

नावातल्या 'ट्रॉपिकल'वर मात्र फार विसंबू नये. पोर्तो रिको आणि हैतीत हा आजार आढळतो, शेजारच्या जमैकात जवळजवळ नाही. ऊन तर दोन्हीकडे सारखंच. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारातही रसांकुर असेच खुरटतात, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. पण स्प्रूच्या रोग्याची पोळी बंद करून काही साधत नाही. म्हणून रक्तातली प्रतिपिंडं तपासावी लागतात, शिवाय जिआर्डिया हा परजीवी किंवा आतड्याचा क्षय नाही ना, हेही पाहावं लागतं.

उपचार सुरू झाले की संसर्ग आणि फॉलिक अ‍ॅसिडची उणीव या साखळीच्या कड्या वेगवेगळ्या दिसू लागतात. फॉलिक अ‍ॅसिडनं काही दिवसांतच जीभ बरी होऊ लागते आणि भूक परत येते. दुखणं नवं असेल तर काहींना एवढंही पुरतं. जुनं असेल तर जोडीला टेट्रासायक्लिन लागतं, तेही तीन ते सहा महिने. कारण रसांकुर सावकाशच उभे राहतात.