ह्रस्वदृष्टी आणि डोळ्याचा रक्तपुरवठा

उणे नंबराचा चष्मा लागलेला रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा नंबर उतरावा या अपेक्षेने. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील तिमिराच्या वर्णनाशी ह्रस्वदृष्टी ताडून पाहून आपण चिकित्सेची दिशा ठरवितो. परंतु या विकारात डोळ्याच्या रक्तवाहिन्यांचे काय होते, याकडे वैद्यबंधु-भगिनींचे व औषधी विक्रेत्यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रौढ व्यक्तीचा नेत्रगोल समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी १ मिलिमीटरने वाढली, तर नंबर साधारणतः अडीच ते तीनने वाढतो. गोल लांबताना आतील पटले ताणली जातात. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या सरळ व अरुंद होतात. त्याहून अधिक झळ बसते ती मागील रंजितपटलास, म्हणजे कोरॉइडला. डोळ्यातील रक्ताचा सर्वांत मोठा वाटा याच पटलातून वाहतो. पीतबिंदूच्या मध्यभागी स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने त्याचे पोषण सर्वस्वी रंजितपटलावर अवलंबून असते. निरोगी डोळ्यात तेथे सुमारे पाव मिलिमीटर जाड असणारे हे पटल तीव्र ह्रस्वदृष्टीत, म्हणजे उणे ६ च्या पुढे, बरेच विरळ होते. काही रुग्णांत ते निम्म्याहूनही कमी उरते.

ताण वाढत गेल्यास या दोन पटलांमधील पातळ पडद्यास चिरा पडतात. त्यांतून नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून पीतबिंदूखाली रक्तस्राव होतो. सरळ रेषा वाकडी दिसणे वा दृष्टीच्या मध्यभागी डाग येणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शने आज उपलब्ध आहेत; मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजेत.

लेसर शस्त्रक्रियेने नंबर जातो, पण नेत्रगोलाची लांबी कमी होत नाही आणि वरील धोकाही टळत नाही. लांबलेला गोल घृतपानाने वा तर्पणानेही आखूड होत नाही. म्हणून रुग्णपत्रात शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर अवश्य नोंदवावा. उणे ६ पुढील रुग्णास दरवर्षी बाहुली विस्फारून तपासणी करून घेण्यास सांगावे. वरील लक्षणे, तसेच अचानक चमका, काळे ठिपके वा पडदा आल्यासारखे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास औषधी विक्रेत्यांनी नेत्रबिंदू देऊन बोळवण न करता रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.