कपाट घासल्यानंतर, रंगापूर्वीं

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं जुन्या कपाटांस रंग देण्याचा विचार सुरू होतो. काचकागदानें घासून लाकूड गुळगुळीत झालें म्हणजे रंगाचा डबा उघडावा, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें मात्र महत्त्वाचें काम तेथूनच पुढें आहे. रंगाचे पोपडे सुटतात ते बहुधा धूळ, तेलकटपणा व ओल या तीन कारणांनीं.

प्रथम धुळीचा विचार करूं. जुन्या रंगांत पुष्कळदा शिसें असे. घरगुती रंगांत तें दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. तेव्हां त्यापूर्वीं रंगविलेलें कपाट घासलें असल्यास ती धूळ विषारी आहे असेंच समजून वागावें. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसें अपाय करतें. म्हणून रांगणारीं मुलें व गर्भवती स्त्रिया यांस खोली स्वच्छ होईपर्यंत दूर ठेवावें. कोरडी केरसुणी मुळींच फिरवूं नये. नाकातोंडास चांगली मुखपट्टी बांधून धूळ ओलसर फडक्यांनीं टिपावी व तीं फडकीं पिशवींत बांधून टाकून द्यावींत. शेवटीं स्वच्छ काळें फडकें फिरवावें. त्यावर भुकटी दिसली तर पुन्हां पुसावें.

स्वयंपाकघरांतील फडताळावर फोडणीचा तेलकट थर असतो. तो घासण्यापूर्वींच धुण्याच्या सोड्यानें काढणें उत्तम, कारण घासतांना तो लाकडांत मुरतो. राहून गेलाच तर टर्पेंटाइनच्या फडक्यानें पुसावें. असलीं फडकीं शेगडीजवळ न ठेवतां बाहेर पसरून वाळवावींत.

ओलसर पुसण्यानें लाकडाचे तंतू किंचित् उभे राहतात. म्हणून कपाट दारें उघडीं ठेवून पुरतें वाळूं द्यावें. उघड्या लाकडावरून २२० नंबरचा कागद रेषांच्या दिशेनें हलकेच फिरवावा व पुन्हां पुसावें. जेथें जुना रंग शिल्लक असेल तेथें कोरडें घासूं नये.

देवदारासारख्या लाकडाच्या गाठींतून राळ झिरपून नव्या रंगावर पिवळे डाग उमटतात. त्या गाठींवर स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या चपडा लाखेचा हात द्यावा. नंतर अस्तर लावावें, तें वाळल्यावर खाचांत लांबी भरावी, ती घासून सारखी करावी व त्या जागीं पुन्हां अस्तर द्यावें. मग रंग.

काम रंगाऱ्याकडे सोंपविलें तरी घरांतील कर्त्या मंडळींनीं, विशेषतः धुळीसंबंधीं, स्वतः लक्ष घालावें अशी आमची सूचना आहे. फिका पडलेला रंग पुन्हां देतां येतो. मुलांच्या प्रकृतीची हानि तशी भरून निघत नाहीं.