.२२-२५० रेमिंग्टन

.२२-२५० रेमिंग्टन हे लहान व्यासाच्या व अतिवेगवान गोळीचे अमेरिकन रायफल काडतूस आहे. प्रेअरी डॉग, वुडचक, कायोटी अशा, शेती व कुरणांस उपद्रवी मानल्या गेलेल्या प्राण्यांना अमेरिकेत 'व्हार्मिंट' म्हणतात. त्यांच्या शिकारीसाठी हे काडतूस प्रामुख्याने वापरले जाते. १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या नावाने बाजारात आणले. त्यापूर्वी जवळजवळ तीन दशके ते 'वाइल्डकॅट' होते, म्हणजे कोणताही कारखाना ते तयार करीत नव्हता आणि त्याची मापे किंवा दाबाची मर्यादा कोणत्याही संस्थेने ठरवून दिलेली नव्हती. या काळात ते वापरणाऱ्या प्रत्येकाला काडतुसे स्वतःच भरावी लागत आणि त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही स्वतःच घ्यावी लागे.

उगम व नाव

या काडतुसाचे मूळ चार्ल्स न्यूटन यांनी रचलेल्या .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसात आहे. सॅव्हेज कंपनीने १९१५ साली ते विक्रीस आणले. ८७ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३,००० फूट वेगाने जाते, हे सांगण्यासाठी नावात ३००० हा आकडा घातला गेला. (ग्रेन हे वजनाचे जुने एकक असून १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) १९३०च्या दशकात ग्रोव्हनर वॉटकिन्स, जे. ई. गेबी, जे. बुशनेल स्मिथ आदींनी या पुंगळीची मान आवळून तीत .२२४ इंच (५.६९ मिमी) व्यासाची गोळी बसवण्याचे प्रयोग केले. विंचेस्टर कंपनीने १९३५ साली .२२० स्विफ्ट हे काडतूस आणले, तेव्हा तिने मात्र ६ मिमी ली नेव्ही या वेगळ्याच काडतुसाची पुंगळी निवडली.

गेबी व स्मिथ यांनी १९३७ साली आपल्या आवृत्तीला 'व्हार्मिंटर' हे नाव दिले आणि गेबी यांनी ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. परिणामी इतर कारागिरांना ते नाव वापरता येईना. त्यांनी गोळीचा .२२ आणि मूळ पुंगळीचा .२५० असे दोन आकडे जोडून .२२-२५० असे कोरडे नाव रूढ केले, आणि टिकले ते हेच.

१९६३ साली ब्राउनिंग कंपनीने या काडतुसासाठी रायफल विक्रीस ठेवली. बाजारात तयार काडतूस नसताना मोठ्या कंपनीने त्यासाठी रायफल काढणे ही अपूर्व गोष्ट होती. दोन वर्षांनी रेमिंग्टनने रायफल व काडतूस दोन्ही आणले.

रचना

पुंगळीची लांबी ४८.६ मिमी व खांद्याचा कोन २८ अंश आहे. बुडाचा व्यास सुमारे १२ मिमी असून तो .३०-०६ व माउझर काडतुसांइतकाच असल्याने जुन्या लष्करी रायफलींना नवी नळी बसवून त्या या काडतुसासाठी वापरणे सोपे गेले. अमेरिकी उत्पादकांच्या मानक संस्थेने ठरवलेला कमाल दाब प्रति चौरस इंच ६५,००० पाउंड आहे. ५५ ग्रेनची (३.५६ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे १,१२० मीटर वेगाने नळीबाहेर पडते.

पुनर्भरण

पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी बार उडाल्यावर केवळ पितळी पुंगळी उरते. तीच सर्वांत महाग असते व पुन्हा वापरता येते. फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणली जाते, जुना प्रायमर काढून नवा बसवतात, तोललेली दारू भरतात आणि शेवटी गोळी बसवतात.

वाइल्डकॅटच्या काळात याआधी आणखी एक टप्पा असे. .२५०ची मान .२२पर्यंत आवळली की पितळ आत सरकते व मानेची भिंत जाड होते. अशा पुंगळीची मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर बार उडताना तिला फुगून गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. त्यामुळे मानेचे जास्तीचे पितळ बाहेरून कातून काढावे लागे. शिवाय प्रत्येक कारागिराचे चेंबर कोरण्याचे हत्यार थोडेफार वेगळे असल्याने एका रायफलीसाठी योग्य ठरलेले काडतूस दुसरीत निर्धोक असेलच असे नव्हते. १९६५पूर्वीच्या, 'व्हार्मिंटर' किंवा '.२२-२५०' कोरलेल्या रायफलीत आजचे काडतूस वापरण्याआधी चेंबरचा ठसा घेऊन मापे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दाब मोजण्याची साधने हौशी नेमबाजाकडे नसत. चपटा झालेला प्रायमर किंवा जड उघडणारा बोल्ट यांवरून तो अंदाज बांधी; पण ही चिन्हे दिसेपर्यंत दाब बहुधा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. आज प्रयोगशाळेत तपासलेल्या पुस्तिका उपलब्ध आहेत. त्यांतील कमाल वजनाच्या सुमारे दहा टक्के खालून सुरुवात करून हळूहळू वर जाण्याचा प्रघात आहे.

पुंगळीचे पितळ दर बारागणिक मानेकडे वाहते. लांबी वाढली की तिचे तोंड चेंबरच्या टोकाशी अडकून गोळीला आवळते. म्हणून ती वेळोवेळी छाटावी लागते. वाहून गेलेल्या पितळामुळे बुडाजवळची भिंत पातळ होते. तेथे आतून वळ्यासारखी खाच जाणवली तर पुंगळी टाकून देतात, कारण ती तुटल्यास तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

नेमबाजी

१८३ मीटरवर (२०० यार्ड) नेम जुळवल्यास २७४ मीटरवर (३०० यार्ड) ५५ ग्रेनची गोळी केवळ १५ ते १८ सेंमी खाली जाते. खरी अडचण वाऱ्याची असते. ताशी १६ किमी वेगाच्या आडव्या वाऱ्यात तेवढ्याच अंतरावर ती २० ते २५ सेंमी बाजूला सरकते.

नळीतील सर्पिल खाचांचा पीळ पारंपरिक रायफलींत १४ इंचांत एक फेरा असा असतो. या वेगाला गोळी मिनिटाला सुमारे १,८९,००० वेळा फिरते. पीळ याहून बराच घट्ट असल्यास पातळ आवरणाच्या गोळ्या हवेतच फुटू शकतात. सैल पिळात लांब व जड गोळ्या स्थिर राहत नाहीत. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत एका दिवसात शेकडो बार होत असल्याने नळी तापते व तिचा मागचा भाग झिजतो. म्हणून अनुभवी नेमबाज नळी थंड होऊ देतात किंवा दोन रायफली आळीपाळीने वापरतात.

वाद

प्रेअरी डॉग हे काळ्या पायांच्या फेरेटचे मुख्य भक्ष्य आहे आणि फेरेट संकटग्रस्त आहे. त्यामुळे या शिकारीला संवर्धकांचा विरोध आहे. आघाताबरोबर चूर होणाऱ्या शिशाच्या गोळीचे कण मृत प्राण्यांच्या शरीरात राहतात व ते मांस खाणाऱ्या गरुडादी पक्ष्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली आहे. पर्याय असलेल्या तांब्याच्या गोळ्या समान वजनाला अधिक लांब असतात. १४ इंची पिळाच्या जुन्या रायफलींत त्यामुळे त्यांतील हलक्या गोळ्याच निवडाव्या लागतात.