समजून घ्या : रेंज नसताना फोनला शेताची हद्द कशी कळते?

शेतकरी बांधाजवळ उभा आहे, हातात फोन आहे, पण रेंज नाही. तो स्वतःच्या गटात उभा आहे की शेजाऱ्याच्या, हे पीक नोंदणीच्या ॲपने ठरवायचं आहे. उत्तर चुकलं तर नोंद अडते किंवा भलत्याच गटावर चढते. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करत आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता थेट शिवारात पोहोचला आहे. अशी तपासणी इंटरनेटशिवाय फोनमध्येच होऊ शकते. त्यासाठी ॲपमध्ये भौगोलिक डेटाबेसची लायब्ररी जोडावी लागते.

फोनमधला डेटाबेस का पुरत नाही?

अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आधीपासूनच असतो. नावं, आकडे, तारखा साठवायला तो उत्तम. पण गटाची हद्द म्हणजे अनेक बिंदू जोडून तयार झालेली बंद आकृती. ‘हा बिंदू या आकृतीच्या आत आहे का?’ यासाठी भूमितीची जाण लागते. स्पॅशियालाइट ही मुक्त स्रोत लायब्ररी एसक्यूलाइटला ती जाण देते. गावाचा नकाशा रेंज असताना एकदा डाउनलोड केला की पुढची तपासणी फोनवरच होते.

हजारो गटांतून नेमका गट कसा सापडतो?

प्रत्येक हद्द एकेक करून तपासली तर फोन रखडेल. म्हणून प्रत्येक गटाभोवती एक काल्पनिक चौकट आखून त्यांची सूची ठेवली जाते. तिला आर-ट्री म्हणतात. बिंदू ज्या चौकटींत येतो, तेवढ्याच मोजक्या गटांची नेमकी तपासणी होते. मात्र स्पॅशियालाइट ही सूची आपोआप वापरत नाही, क्वेरीत तसं स्पष्ट लिहावं लागतं. ते राहिलं की ॲप हळू चालतं.

लायब्ररी जोडताना अडचण कुठे?

अँड्रॉइडमधल्या मूळ एसक्यूलाइटला ॲप बाहेरची लायब्ररी जोडू शकत नाही. त्यामुळे ॲपला एसक्यूलाइटची स्वतंत्र प्रत सोबत न्यावी लागते. ३२ आणि ६४ बिट प्रोसेसरसाठी वेगवेगळ्या फाइल बनवाव्या लागतात आणि ॲपचा आकार वाढतो. त्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर अँड्रॉइड १५ व पुढच्या आवृत्त्यांसाठीच्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबी मेमरी पेजची अट आहे. जुन्या तयार फाइल त्यात बसत नसतील, तर त्या नव्याने बनवाव्या लागतात.

अंश की मीटर?

जीपीएस ठिकाण अंशांत सांगतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर मुंबईजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. त्यामुळे थेट अंशांत काढलेलं अंतर फसवं ठरतं. ते मीटरमध्ये काढण्यासाठी यूटीएम पट्टे वापरतात. पुणे, नाशिक ४३व्या पट्ट्यात येतात, तर नागपूर, चंद्रपूर ४४व्या. राज्यभर ४३वा पट्टाच वापरला, तर पूर्व विदर्भातल्या मापांत किंचित फरक येतो.

उत्तरावर विश्वास किती ठेवायचा?

मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत चुकू शकतो. झाडाखाली चूक वाढते. बांध बहुधा त्याहून अरुंद असतो. लायब्ररीचं गणित बरोबर असलं, तरी तिला मिळालेला बिंदू किंवा मूळ नकाशा चुकीचा असेल तर उत्तरही चुकतंच. म्हणूनच ॲपमध्ये हद्दीभोवती काही मीटरची सूट ठेवावी लागते आणि शेतकऱ्याला दुरुस्तीची सोयही द्यावी लागते. तोवर शेतकऱ्याच्या हाती असलेला उपाय सोपा आहे : नोंद करताना बांधावर न थांबता शेताच्या मध्यभागी, मोकळ्या जागी उभं राहावं आणि ठिकाण स्थिर होईपर्यंत थोडं थांबावं.