विश्लेषण : शिडाच्या नौकेला ‘ताप’ आला, हे आधी कुठे कळते?

शिडाच्या नौकेतही बंदरात ये-जा करण्यासाठी छोटे डिझेल इंजिन असते. बहुतेकदा समुद्राचे पाणी आत घेऊन ते थंड ठेवतात. तेच पाणी धुरासोबत बाहेर पडते. पाणी घेणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली, की हा प्रवाह बंद. इंजिनाचा तापमापक मात्र काही वेळ निवांतच असतो, कारण आतले कूलंट सावकाश तापते. आधी तापतो धुराचा रबरी पाइप. सेन्सर बांधायचा तो तिथे!

‘डीएस१८बी२०’ हा स्वस्त सेन्सर उणे ५५ ते १२५ अंश सेल्सियसपर्यंत मोजतो. त्याला बिनतारी यंत्रणा जोडली, की आकडा थेट सुकाणूपाशी दिसतो. नौका धक्क्याला असेल तर मालकाला मोबाइलवर घरबसल्याही कळते. पण भर समुद्रात रेंज कुठली? म्हणून धोक्याचा भोंगा नौकेवरच हवा.